वाहते पाणी, साचलेले पाणी आणि पोलादाचा तडा

वाहते पाणी निर्मळ असते आणि साचलेले पाणी नासते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. विहिरीपेक्षा झऱ्याचे पाणी गोड, डबक्यापेक्षा ओढ्याचे पाणी बरे, हा गावोगावचा अनुभव आहे. मग एक साधा प्रश्न विचारू. स्टेनलेस स्टीलच्या पाइपमधून पाणी सतत वेगाने वाहत असेल, तर ते त्या पाइपला तारक की मारक? आपला अनुभव म्हणेल, तारक. इंजिनियरांनाही बराच काळ असेच वाटत होते. पण या एका प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायला पन्नास वर्षे गेली. मोठमोठी वीजकेंद्रे बंद पडली आणि पाणी व धातू यांचे नाते नीट न ओळखल्याची किंमत काही ठिकाणी माणसांनी जिवाने मोजली. ती हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात स्टीलपासूनच करू. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून नवे पोलाद शोधत होते. त्यांनी पोलादात सुमारे तेरा टक्के क्रोमियम मिसळले, आणि हे पोलाद गंजत नाही असे त्यांच्या लक्षात आले. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातल्या तज्ज्ञांनी क्रोमियमच्या जोडीला निकेल घालून आणखी एक प्रकार तयार केला. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्याच्या तळाशी १८/८ असा शिक्का दिसतो, तो याच घराण्याचा. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. कारखान्यांत याला ३०४ नंबरचे स्टील म्हणतात.

हे स्टील गंजत नाही, कारण त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागाइतका. ओरखडा पडला तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन हा पापुद्रा क्षणार्धात पुन्हा तयार होतो. जखम आपली आपण भरून काढणारी ही कातडीच म्हणा ना. या गुणामुळे स्टेनलेस स्टीलवर लोकांचा फार मोठा विश्वास बसला. पुढे जे घडले, त्यात या विश्वासाचाही वाटा आहे.

धातू न झिजता, वरून चकचकीत असतानाच अचानक तडकतो, ही गोष्ट मात्र जुनीच होती. तिचा एक प्रसिद्ध दाखला तर हिंदुस्थानातलाच आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे इथल्या पावसाळ्यात नुसती ठेवल्या जागी तडकत. पावसाळ्याच्या हंगामात घडते म्हणून इंग्रज या प्रकाराला 'हंगामी तडा' म्हणू लागले. कारण १९२१ साली स्पष्ट झाले. काडतूस घडवताना पितळेत ताण राहून गेलेला असे. दमट हवेत तबेल्यांतल्या घोड्यांच्या मुतारीतून निघणारा अमोनिया त्याला भेटला, की तडा जाई. नुसता ताण असता तर पितळ तडकले नसते, नुसता अमोनिया असता तरी तडकले नसते. दोघे एकत्र आले की घात. या ताण-गंजाच्या तड्याला तीन गोष्टी लागतात. बळी पडणारा धातू, त्याला फाकवू पाहणारा ताण आणि त्याला न मानवणारा भोवताल. तिघांतला एक जरी दूर केला तरी तडा टळतो.

स्टेनलेस स्टीलला न मानवणारी वस्तू म्हणजे क्लोराईड, साध्या भाषेत मिठातला खारेपणा. आपल्या आजीने लोणचे कधी धातूच्या डब्यात घातले नाही, चिनी मातीच्या बरणीतच घातले, त्यामागेही मीठ आणि आंबटपणा धातूला खातात हीच जाण होती. तेव्हा इंजिनियरांनी हिशेब केला. खार काढून टाकलेले, अतिशय शुद्ध पाणी वापरले तर स्टीलला भय नाही. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, त्या या भरवशावर. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्ह्यातल्या) तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेले दोन संच याच जातीचे आणि अमेरिकी बनावटीचे. या भट्टीत पाणी थेट इंधनाभोवती उकळते आणि त्याच वाफेवर टर्बाइन फिरते. बाहेरचे प्रचंड पंप हे पाणी मोठ्या पाइपांतून खेचून पुन्हा भट्टीत लोटत राहतात. पाण्याचे तापमान सुमारे २८८ अंश सेल्सियस, दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सत्तर पट. पाणी जवळजवळ औषधी शुद्धतेचे आणि पाइप ३०४ नंबरच्या स्टीलचे. काळजीचे कारण दिसत नव्हते.

तरीही पाइप तडकू लागले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ड्रेस्डेन केंद्राच्या पहिल्या भट्टीत १९६५ सालीच असे तडे आढळले होते. सप्टेंबर १९७४ मध्ये तिथल्याच दुसऱ्या भट्टीत मोठ्या पाइपाला वळसा घालून जाणाऱ्या चार इंची पाइपांत तडे सापडले. पाठोपाठ आपत्कालीन फवाऱ्याच्या पाइपांतही सापडले. अमेरिकेचा नवा अणुनियामक आयोग १९ जानेवारी १९७५ रोजी कामाला लागला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने देशातल्या अशा २३ भट्ट्या वीस दिवसांच्या आत थांबवून पाइप तपासण्याचा आदेश काढला. जन्मल्याबरोबर त्या संस्थेच्या पुढ्यात हेच संकट उभे राहिले.

आता हे तडे होते कुठे ते पाहा. आपत्कालीन फवाऱ्याच्या पाइपात एरवी पाणी हलत नाही, ते वेळप्रसंगासाठी भरून ठेवलेले असते. वळशाचे पाइपही मुख्य प्रवाहाच्या बाजूचे. साहजिकच संशय गेला साचलेल्या पाण्यावर. मुख्य पाइपांत पाणी धो धो वाहते, तिथे काही साठून राहत नाही, शिवाय ते पाइप जाड, तेव्हा ते सुरक्षित, असे मानले गेले. काही ठिकाणी वळशाचे पाइप कापूनच टाकले. झऱ्याचे पाणी चांगले, डबक्याचे वाईट हा आपला घरगुती नियम अणुभट्टीलाही लागू पडला, असे काही वर्षे वाटले.

१९७८ मध्ये आयोवा राज्यातल्या ड्वेन आर्नल्ड केंद्रात एक जोड गळू लागला. हा जोड स्टेनलेस स्टीलचा नव्हता, निकेलच्या मिश्रधातूचा होता. आतल्या बाजूला बसवलेल्या एका बाहीमुळे तिथे अरुंद सांदट तयार झाली होती. बाहेरून पाणी जोराने वाहत होते आणि त्या सांदटीत ते थांबून होते. तडा जोडाच्या सगळ्या घेरावर पसरला होता. मग मार्च १९८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन माइल पॉइंट केंद्रात दाबाची चाचणी घेताना गळती दिसली, आणि तपासता तपासता मुख्य पाइपांतच तडे निघाले. अठ्ठावीस इंच व्यासाचे, म्हणजे सत्तर सेंटीमीटरांचे हे पाइप. पाणी इथे अहोरात्र वेगाने वाहत होते. सारे पाइप काढून नवे बसवावे लागले. वाहते पाणी स्टीलला वाचवते, हा समज त्या दिवशी संपला.

मग दोष कुणाचा? तीन भागीदार आपण वर पाहिलेच. पहिला भागीदार वेल्डिंग. जोड करताना शेजारचे स्टील पाचशे ते आठशे अंशांपर्यंत तापते. त्या उष्णतेत स्टीलमधला कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढून घेतो, आणि धातूच्या कणांच्या कडांजवळ क्रोमियम कमी पडते. भिंतीच्या विटा शाबूत, पण दर्जांतला चुना निघून गेलेला, अशी स्थिती होते. दुसरा भागीदार ताण. वेल्डिंग थंड होताना आक्रसते आणि तो ताण पाइपात कायमचा राहतो. तिसरा भागीदार ऑक्सिजन. भट्टीतल्या किरणोत्सर्गाने पाणी फुटते आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. हजार किलो पाण्यात जेमतेम पाव ग्रॅम, पण त्या तापमानाला तेवढा पुरतो. जो ऑक्सिजन पापुद्रा भरून काढून स्टीलचे रक्षण करतो, तोच इथे वैरी ठरला.

आता पाण्याच्या वाहण्याकडे वळू. नदी कितीही वेगाने वाहत असली तरी काठच्या कपारीत पाणी संथ असते, हे नदीत पोहलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाइपाच्या भिंतीलगतही पाण्याचा असाच एक संथ थर असतो. प्रवाह जितका वेगवान, तितका हा थर पातळ, आणि तितका जास्त ऑक्सिजन धातूपर्यंत पोहोचतो. त्यामुळे धातूच्या पृष्ठभागाचा विद्युतदाब वाढतो. तड्याच्या आत मात्र वेगळे जग असते. तडा म्हणजे केसाहून बारीक, खोल चीर. तिच्या तोंडाशीच ऑक्सिजन संपून जातो, आत पोहोचतच नाही. बाहेर दाब जास्त, आत कमी. या फरकामुळे पाण्यात नावापुरते असलेले क्लोराईड आणि सल्फेट आत ओढले जातात आणि तिथे साठतात. बाहेर औषधी शुद्धतेचे पाणी आणि आत, तड्याच्या टोकाशी, खारट आंबट थेंब. ताण धातूला फाकवतो, पापुद्रा फाटतो, तो थेंब उघड्या धातूला खातो, आणि तडा पुढे सरकतो.

म्हणजे वाहत्या पाण्याची दोन तोंडे आहेत. बाहेरून ते ऑक्सिजन पुरवून तड्याला बळ देते. पण तेच पाणी तड्याच्या आत शिरू शकले, तर आतला खारट थेंब धुऊन टाकते आणि तडा मंदावतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पीटर फोर्ड आणि पीटर अँड्रेसन यांनी, आणि स्वतंत्रपणे डिग्बी मॅकडोनाल्ड यांनी, १९८० आणि ९० च्या दशकांत या गोष्टींचा पाठपुरावा केला. मॅकडोनाल्ड यांच्या गणिताचा भर बाहेरच्या पृष्ठभागावर होता. तड्यातून निघणारी वीज बाहेर खपते, म्हणून बाहेरचा प्रवाह वाढला तर तडाही जोर धरू शकतो. अँड्रेसन यांच्या प्रयोगांनी आतल्या धुण्याचे महत्त्व दाखवले. प्रयोगशाळेतल्या नमुन्याचा तडा रुंद असतो आणि त्याच्यावर थेट धार सोडली तर तो धुतला जातो. खऱ्या पाइपातला तडा अरुंद आणि वाकडातिकडा, त्यात धार शिरत नाही. म्हणून प्रयोगात प्रवाहामुळे तडा मंदावलेला दिसला, तरी त्यावरून केंद्रातला पाइप सुरक्षित आहे असे म्हणणे धोक्याचे. पाणी वाहते आहे की नाही, यापेक्षा ते कुठे पोहोचत नाही हा प्रश्न मोठा ठरला.

उपायही यातूनच निघाला. स्वीडनमधल्या ऑस्कर्सहॅम येथे १९७९ मध्ये आणि ड्रेस्डेनच्या दुसऱ्या भट्टीत १९८२ मध्ये पाण्यात थोडा हायड्रोजन सोडून पाहिला. हायड्रोजन ऑक्सिजनला गाठून त्याचे पुन्हा पाणी करतो. बाहेरचा विद्युतदाब एका मर्यादेखाली आला की आत-बाहेरचा फरक मिटतो आणि तडे जवळजवळ थांबतात. इथेही प्रवाहाचा हिशेब सुटला नाही. पाण्यात उरलेला ऑक्सिजन तेवढाच असला, तरी वेगाच्या जागी तो धातूपर्यंत जास्त पोहोचतो. एका ठिकाणी मोजलेला आकडा दुसऱ्या ठिकाणी लागू होईलच असे नाही. जोडीला कमी कार्बनचे स्टील आले, आणि वेल्डिंगचा ताण उतरवण्याच्या पद्धती आल्या.

कुणी म्हणेल, मग पाण्यातला ऑक्सिजन सगळीकडेच काढून टाकावा. तसेही नाही. साध्या पोलादाचे, म्हणजे क्रोमियम नसलेल्या पोलादाचे, याच्या उलट आहे. ऑक्सिजन काढलेले गरम पाणी वेगाने वाहू लागले, की त्याच्या अंगावरचा थर विरघळून वाहून जातो आणि पाइप आतून झिजत जातो. अमेरिकेतल्या सरी केंद्रात ९ डिसेंबर १९८६ रोजी असा एक पाइप फुटून चार कामगार मेले. जपानमधल्या मिहामा केंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी तसाच पाइप फुटला आणि पाच जण उकळत्या वाफेने गेले. तो पाइप १९७६ मध्ये तिथला तो संच सुरू झाल्यापासून एकदाही तपासला गेला नव्हता, तपासणीच्या यादीतच नव्हता. जे पाणी एका पोलादाला मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही.

साचलेपणाचा सर्वांत भीषण दाखला मात्र पाइपातला नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी पोहण्याच्या बंदिस्त तलावाचे सिमेंटचे छत ९ मे १९८५ रोजी कोसळले आणि बारा जण ठार झाले. इमारत १९७२ ची, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची. छत स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगले होते. तलावातल्या क्लोरीनची वाफ वर जाई आणि सळ्यांवर क्लोराईडचा थर साचत राही. खाली तलावातल्या शिड्या त्याच पाण्यात रोज बुडतात, पण त्या धुतल्या जातात, त्यांच्यावर काही साठत नाही. वरच्या सळ्यांना पाणी कधी लागलेच नाही. छताच्या आड असल्याने त्या कुणाच्या नजरेसही पडत नव्हत्या. आता अशा छतांसाठी वेगळ्या जातीचे स्टील आणि नियमित तपासणी सांगितली जाते, ती या बारा जणांच्या मृत्यूनंतर.

तड्यापेक्षा वाईट गोष्ट एकच, दिसलेला तडा लपवणे. जपानमधल्या टोकियोच्या वीज कंपनीने भट्टीच्या आतल्या भागांतल्या तड्यांच्या नोंदी दडवल्याचे ऑगस्ट २००२ मध्ये उघड झाले. तपासणीसाठी एप्रिल २००३ पर्यंत कंपनीला आपल्या सर्व सतरा भट्ट्या थांबवाव्या लागल्या. त्यांतले काही तडे कमी कार्बनच्या स्टीलमध्येही होते. कारागिरीत घासलेला, दाबलेला पृष्ठभाग ताणलेला राहिला होता. एक भागीदार काढला तर दुसऱ्याने त्याची जागा घेतली.

आणि हा विषय संपला असे समजणाऱ्यांना फ्रान्सने जागे केले. तिथल्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या. त्यांच्या मुख्य पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून तिथे स्टेनलेस स्टील तडकणार नाही अशी खात्री होती. २०२१ च्या अखेरीस सिव्हो केंद्रात मुख्य पाइपाला जोडलेल्या आपत्कालीन पाइपांत तडे सापडले. मग एकामागून एक केंद्रे थांबवून तपासावी लागली. २०२२ मध्ये फ्रान्सची अणुवीज २७,९०० कोटी युनिटांवर आली, तीसहून अधिक वर्षांतला नीचांक. एरवी वीज विकणारा तो देश त्या वर्षी विकत घेणारा झाला. त्यामागचे हे एक मुख्य कारण. मार्च २०२३ मध्ये पेन्ली केंद्रातला एक तडा जाहीर झाला. पाइपाची जाडी २७ मिलिमीटर, तड्याची खोली २३. तो जोड बांधणीच्या वेळी दुरुस्त केलेला होता.

फ्रान्सच्या तपासात पुन्हा पाण्याची चाल पुढे आली. मुख्य पाइपात गरम पाणी धावते आणि त्याला जोडलेल्या आडव्या फाट्यात पाणी थांबलेले असते. धावत्या पाण्याचे भोवरे फाट्यात थोडेसे शिरतात. गरम पाणी वर, थंड पाणी खाली, असे थर होतात. पाइपाची वरची बाजू फुगू पाहते, खालची आक्रसते, आणि वाकणाशी असलेल्या वेल्डिंगवर ताण येतो. धावते पाणी आणि थांबलेले पाणी जिथे भेटतात, नेमकी ती जागा तडकते. हा फाटा किती लांब, कुठे वळतो, यावर सारे अवलंबून. नकाशा काढताना पन्नास वर्षांपूर्वी कुणी याचा विचार केला नव्हता.

आपले तारापूर या सगळ्या कहाणीत अगदी पहिल्या पिढीतले. तिथले ते दोन्ही जुने संच २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले. हाती घेतलेल्या मोठ्या कामांत भट्टीचे पाणी फिरवणारे पाइप बदलून गंज अधिक सोसणाऱ्या धातूचे बसवणे हेही होते. एवढ्या वर्षांत जगभर जे शिकले गेले ते त्या नव्या पाइपांत उतरते.

कारखाना असो, दवाखाना असो की पोहण्याचा तलाव, स्टेनलेस स्टील आता सगळीकडे आहे, आणि त्याच्या नावातच 'डाग नसलेले' असा भरवसा आहे. पाइपांच्या नकाशावर पाण्याची दिशा दाखवणारे बाण काढलेले असतात. तपासणारा माणूस बाणांमागे जातो, कारण तिथे काम चाललेले असते. या इतिहासाने शिकवले ते असे की, बाण जिथे संपतात तिथेही जायला हवे. बंद फाटा, जोडामागची सांदट, छताआडची सळी, यादीत नसलेला पाइप. पाणी तिथे पोहोचत नाही आणि बहुधा माणसाची नजरही पोहोचत नाही. पाण्याचे आपल्या हाती नेहमीच नसते. नजरेचे मात्र असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)